फाइल तुमची, कुलूप कंपनीचं: नोकरी बदलल्यावर जुन्या फायली का उघडत नाहीत?

नोकरी सोडताना लॅपटॉप जमा केला, आयकार्ड परत दिलं, रिलीव्हिंग लेटर हातात पडलं. आपल्या चार खासगी फायली आधीच पेन ड्राइव्हवर किंवा स्वतःच्या ईमेलवर घेऊन ठेवल्या होत्या. महिना-दोन महिन्यांनी त्यातली एक उघडायला जावं, तर पडद्यावर संदेश येतो: ही फाइल उघडण्याची परवानगी तुमच्या खात्याला नाही. फाइल बिघडलेली नसते, व्हायरसही नसतो. पासवर्ड विसरलो म्हणावं, तर तो कधी घातलेलाच नव्हता.

माझ्या मावसबहिणीवर हीच वेळ आली. लोअर परळच्या एका वित्तसंस्थेतली नोकरी सोडून ती बीकेसीत रुजू झाली. घर घ्यायचं म्हणून तिने एक एक्सेल शीट बरेच दिवस सांभाळली होती. डोंबिवलीपासून विरारपर्यंत बघितलेल्या फ्लॅटचे भाव, स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन, पीएफमधून किती काढायचे, मामांकडून किती घ्यायचे, सगळं त्यात होतं. शीट जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या लॅपटॉपवर तयार झाली आणि नोकरी सुटायच्या आदल्या आठवड्यात तिने ती स्वतःच्या मेलवर पाठवली. "दादा, यात कंपनीचा एक आकडा नाही रे. मग कुलूप कुणी घातलं?" तिच्या आवाजात रागापेक्षा धास्ती जास्त होती. लोनसाठी बँकेत जाऊन बसायचं होतं आणि सगळे हिशेब त्या शीटमध्ये अडकले होते.

ऑफिसांच्या आयटी विभागात काम करताना हा प्रश्न मी अनेकांकडून ऐकला आहे. विचारणारे हुशार असतात, कॉम्प्युटरला सरावलेले असतात, तरी गोंधळतात. कारण फाइलची मालकी आणि फाइल उघडण्याचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

कुलूप कुठल्या प्रकारचं आहे, ते आधी बघा

एक प्रकार पासवर्डचा. सॅलरी स्लिपची पीडीएफ उघडताना पॅन नंबर किंवा जन्मतारीख मागतात, तो हा. यात फाइल उघडण्याची किल्ली पासवर्डमधूनच तयार होते. पासवर्ड आठवत असेल तर ती पीडीएफ घरी, गावी, इंटरनेट नसताना, कंपनी बंद पडल्यावरही उघडेल. धोका एकच, पासवर्ड कसा बनवायचा ते विसरण्याचा. काही कंपन्या पॅनची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष घेतात, काही एम्प्लॉयी कोड घेतात, आणि पाच वर्षांनी तो कोड कुणाला आठवणार? आज पासवर्ड ठाऊक असेल तर स्लिप उघडून, प्रिंटच्या पर्यायातून बिनपासवर्डची पीडीएफ करून ठेवा. बहुतेक स्लिपना प्रिंटची मुभा असते. या प्रकाराबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

दुसरा प्रकार खात्याचा. इथे पासवर्ड विचारतच नाहीत. ऑफिसच्या ईमेलने तुम्ही लॉगिन असता आणि फाइल गुपचूप उघडते. तिला कुलूप आहे हे तुम्हाला जाणवतही नाही, आणि नेमकं त्यामुळेच घात होतो. मायक्रोसॉफ्टने ही व्यवस्था २००३ मध्ये 'राइट्स मॅनेजमेंट सर्व्हिसेस' या नावाने आणली. पुढे ती क्लाउडवर गेली, नावं बदलत राहिली आणि आज ती 'पर्व्ह्यू इन्फर्मेशन प्रोटेक्शन' या नावाखाली मिळते. वर्ड किंवा एक्सेलच्या वरच्या पट्टीत 'कॉन्फिडेन्शियल', 'इंटर्नल' अशी लेबलं दिसतात, ती याच व्यवस्थेची.

आत काय चालतं

लेबल लावलेली फाइल सेव्ह होते, तेव्हा अ‍ॅप त्या एका फाइलपुरती नवी किल्ली तयार करतं. त्या किल्लीने सगळा मजकूर एईएस पद्धतीने न वाचता येईल असा करून टाकतं. एईएस ही २००१ पासून अमेरिकी सरकारने मान्य केलेली आणि आता जगभर बँकांपासून फोनपर्यंत वापरली जाणारी पद्धत. २५६ बिटांची किल्ली म्हटली की शक्य किल्ल्यांची संख्या ७८ आकडी होते. एकेक किल्ली लावून बघण्याचा मार्ग तिथेच संपतो.

आता प्रश्न उरतो, ही किल्ली ठेवायची कुठे? ती फाइलमध्येच ठेवतात, पण उघडी नाही. कंपनीची एक मोठी किल्ली असते, सहसा आरएसए नावाच्या दुसऱ्या पद्धतीची, २०४८ बिटांची, आणि फाइलची छोटी किल्ली तिने बंद केलेली असते. कंपनीची किल्ली क्लाउडवरच्या सेवेत राहते, कुठल्याही फाइलसोबत बाहेर जात नाही. बंद केलेल्या छोट्या किल्लीसोबत नियमांचा एक कागद जोडलेला असतो: कोणत्या ईमेल पत्त्यांनी वाचायचं, कुणी बदल करायचे, प्रिंट चालेल का, कॉपी चालेल का. शिवाय ही फाइल उघडायची असेल तर कुठल्या सेवेकडे विचारणा करायची, तो पत्ता.

म्हणजे माझ्या बहिणीने स्वतःच्या मेलवर जे पाठवलं, त्यात होता न वाचता येणारा मजकूर, एक बंद किल्ली, नियमांचा कागद आणि जुन्या कंपनीच्या सेवेचा पत्ता. फाइल पूर्ण तिच्याकडे आली होती. ती उघडणारा मात्र मागे राहिला होता.

फाइलवर डबल क्लिक केलं की अ‍ॅप तुम्हाला लॉगिन करायला लावतं आणि बंद किल्ली, नियमांचा कागद त्या सेवेकडे पाठवतं. मजकूर पाठवत नाही, तो तुमच्याच मशीनवर राहतो. सेवा दोन गोष्टी बघते. हे खातं चालू आहे का? या ईमेल पत्त्याचं नाव नियमात आहे का? दोन्हींना होकार असेल तर सेवा छोटी किल्ली सोडवते, ती फक्त तुम्हालाच वापरता येईल अशी पुन्हा बंद करते आणि तुमच्या मशीनवर पाठवून देते. मग फाइल उघडते. हे सगळं दोन-चार सेकंदांत होतं, म्हणून कळत नाही.

बीकेसीतल्या कुठल्याही टॉवरच्या गेटवर अ‍ॅक्सेस कार्ड लावतात, तसंच हे. कार्डात स्वतःची ताकद काही नसते. कार्ड लावलं की गेट सर्व्हरला विचारतं आणि सर्व्हर हो म्हणाला तर दांडा सरकतो. शेवटच्या दिवशी संध्याकाळी सर्व्हरवरून तुमचं नाव काढलं की खिशातलं कार्ड तसंच राहतं, गेट मात्र हलत नाही.

सर्वात जास्त मनाला लागणारी गोष्ट मालकाबद्दलची आहे. ज्याने फाइलला संरक्षण लावलं, त्याला नियमात पूर्ण अधिकार असतात. वाचणं, बदलणं, संरक्षण काढणं, सगळं. माझ्या बहिणीचं नाव त्या शीटवर मालक म्हणूनच होतं. पण ते नाव माणसाचं नसतं, ऑफिसच्या ईमेल पत्त्याचं असतं. खातं बंद झालं की लॉगिनच होत नाही, त्यामुळे सेवा नियमांच्या कागदापर्यंत पोहोचतच नाही. तिथे मालक म्हणून कुणाचं नाव आहे, हे बघायची वेळच येत नाही.

यावरून आणखी एक गैरसमज दूर होतो. लोक म्हणतात, नवी कंपनीही मायक्रोसॉफ्टच वापरते, मग फाइल तिथे का उघडू नये? सॉफ्टवेअर एकच असलं तरी किल्ल्या कंपनीगणिक वेगळ्या असतात. फाइल विचारायला जाते ती जुन्या कंपनीच्या दाराशी. नव्या कंपनीच्या हेल्पडेस्कला कितीही विनवलं तरी त्यांच्या हातात काही नाही, आणि जुन्या कंपनीची बंद फाइल नव्या कंपनीच्या यंत्रणेत नेणं हीसुद्धा आपल्यासाठी चांगली गोष्ट नव्हे.

नोकरी न बदलताही असं होऊ शकतं. दोन कंपन्या एकत्र येतात, ईमेलच्या मागचं नाव बदलतं आणि जुन्या पत्त्याने बंद केलेल्या फायली रुसतात. लग्नानंतर आडनाव बदलून ईमेल बदलून घेतलेल्या बायकांनाही हा अनुभव येतो. तिथे उपाय सोपा आहे: आयटीवाल्यांना सांगून जुना पत्ता नव्या खात्याला दुसरं नाव म्हणून जोडून घ्यायचा. सेवा त्या दोन्ही पत्त्यांना एकच माणूस मानते.

मग काही दिवस फाइल उघडत कशी होती?

"सोडल्यावर पंधरा दिवस तर उघडत होती, मग मध्येच कंपनीने काहीतरी केलं," असा संशय अनेकजण बोलून दाखवतात. बहुतेक वेळा कुणी काहीच केलेलं नसतं.

सेवेकडून जी सोडवलेली किल्ली येते, तिच्यासोबत एक परवाना असतो आणि त्याला मुदत असते. कंपनीने काही वेगळं ठरवलं नसेल तर ही मुदत ३० दिवसांची. त्या काळात तीच फाइल त्याच मशीनवर उघडताना दर वेळी सेवेला विचारावं लागत नाही. लोकलमध्ये नेट नसताना किंवा विमानात बसून काम करता यावं, म्हणून ही सोय आहे. घरच्या लॅपटॉपवर ऑफिसच्या खात्याने फाइल उघडली असेल, तर नोकरी सुटल्यावरही तो परवाना संपेपर्यंत ती उघडू शकते. तिसाव्या दिवसानंतर अ‍ॅप पुन्हा विचारायला जातं, खातं बंद आढळतं आणि फाइल मिटते.

काही लेबलांवर कंपनी ही मुदत शून्य ठेवते, म्हणजे दर वेळी विचारायचंच. काहींवर सात दिवस. त्यामुळे एकाच माणसाच्या दोन फायली वेगवेगळ्या दिवशी बंद होतात आणि गोंधळ वाढतो. एखादी फाइल आज उघडते आहे म्हणजे ती मोकळी आहे, असं समजू नका.

लेबल लावलं कुणी?

बहिणीच्या मूळ प्रश्नाचं उत्तर इथे आहे. कंपनीचा प्रशासक असा नियम करू शकतो की प्रत्येक नव्या फाइलला आपोआप ठरावीक लेबल लागेल. कोरी एक्सेल उघडली, दोन आकडे टाकले, सेव्ह केली, की लेबल लागलं. त्या लेबलमागे 'फक्त आमच्या कर्मचाऱ्यांनी उघडावी' असा नियम असेल, तर घराचा हिशेब, मुलाच्या शाळेचा फॉर्म, गणपतीच्या वर्गणीची यादी, सगळ्याला एकच कुलूप. सॉफ्टवेअरला आशय कळत नाही, फाइल कुठल्या खात्यातून जन्मली तेवढं कळतं.

मुंबईत हे जास्त भेटतं, याला कारण आहे. इथे बँका, म्युच्युअल फंड, ब्रोकर, विमा कंपन्या यांची मुख्यालयं आहेत. रिझर्व्ह बँकेचे माहिती तंत्रज्ञानाबद्दलचे एकत्रित निर्देश नोव्हेंबर २०२३ मध्ये आले आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. सेबीने ऑगस्ट २०२४ मध्ये सायबर सुरक्षेची सविस्तर चौकट जाहीर केली. ग्राहकांची माहिती बाहेर गेली तर जबाब कंपनीला द्यावा लागतो, त्यामुळे कंपन्या घट्ट कुलपं लावतात. त्यात चूक काही नाही. तुमचं-माझं खातं, केवायसी, नॉमिनीची नावं याच कुलपांच्या मागे सुरक्षित आहेत.

पण सरसकट प्रत्येक फाइलला कुलूप लावणं हे मला आळशी धोरण वाटतं. लेबल नुसतं ओळखीपुरतंही लावता येतं, त्यात कुलूप असलंच पाहिजे असं नाही. मायक्रोसॉफ्टच्या तयार लेबलांमध्ये 'पर्सनल' नावाचं एक लेबल आहेच, आणि त्याला कुलूप नसतं. कर्मचारी दिवसाचे दहा-अकरा तास ऑफिसात असतो. त्याचं थोडंफार खासगी आयुष्य त्या लॅपटॉपवर सांडणारच. जी कंपनी नव्या माणसाला पहिल्याच दिवशी हे लेबल दाखवते, ती पुढचा खूप मनस्ताप वाचवते.

जुगाड चालतात का?

नाव बदलून चालत नाही. गूगल ड्राइव्हवर चढवून चालत नाही, फाइलचा प्रकार बदलून चालत नाही. मजकूरच वाचता येत नाही, तिथे बदलणार काय? फोटो किंवा साध्या टेक्स्ट फायलींना हे संरक्षण लागलं की त्यांच्या प्रकाराच्या आधी 'पी' हे अक्षर लागतं, आणि इतर अनेक फायलींच्या नावाच्या शेवटी 'पीफाइल' असं जोडलं जातं. ते खोडून टाकलं तरी आतलं कुलूप तसंच राहतं. पीडीएफ असेल तर साध्या व्ह्यूअरमध्ये फक्त 'हा दस्तऐवज संरक्षित आहे' असं सांगणारं एक पान दिसतं आणि लोकांना वाटतं की बाकीची पानं उडाली. ती आत आहेत.

'कुठलीही फाइल अनलॉक करून देऊ' म्हणणाऱ्या साइट्सपासून कृपा करून लांब राहा. त्या हे कुलूप उघडू शकत नाहीत. तुम्ही मात्र जुन्या कंपनीची एखादी फाइल अनोळखी माणसाच्या सर्व्हरवर चढवून बसता, आणि त्यांनी दिलेलं सॉफ्टवेअर घरच्या लॅपटॉपवर घेतलं तर नवंच संकट. जुन्या सहकाऱ्याला "जरा तुझ्या लॉगिनवरून उघडून पाठव ना" म्हणणंही नको. त्याने उघडल्याची नोंद होऊ शकते, आणि आपल्या हिशेबापायी त्याची नोकरी धोक्यात येऊ शकते.

खरा मार्ग कंपनीच्या आयटी विभागातून जातो. या व्यवस्थेत 'सुपर युजर' नावाची एक सोय असते. ती चालू केलेल्या प्रशासकाला कंपनीच्या किल्लीने बंद झालेली कुठलीही फाइल उघडता येते आणि तिचं संरक्षण काढता येतं, मग ती बनवणाऱ्याचं खातं बंद झालेलं का असेना. ही सोय मुळात बंद ठेवलेली असते आणि शहाण्या कंपन्या ती गरजेपुरतीच उघडतात. बहिणीची शीट याच मार्गाने सुटली. तिने जुन्या मॅनेजरना आणि एचआरला रीतसर मेल लिहिला, आयटीने शीट तपासली, तीत कंपनीची माहिती नाही हे पाहिलं आणि मोकळी प्रत पाठवली. वेळ लागला, दोनदा आठवण करावी लागली, पण मिळाली.

दुसरीही कुलपं आहेत

घरचा, स्वतःच्या पैशाने घेतलेला लॅपटॉप ऑफिसच्या खात्याला जोडला असेल तर बिटलॉकर तपासा. हे पूर्ण डिस्कचं कुलूप आहे, विंडोज व्हिस्टापासूनचं. विंडोज ११च्या २०२४ मधल्या आवृत्तीपासून तर नव्याने विंडोज टाकून खात्याने साइन-इन केलं की डिस्कचं संरक्षण आपोआप चालू होतं. याची ४८ आकड्यांची रिकव्हरी की ऑफिसच्या खात्यात जमा झालेली असू शकते. रोज काही जाणवत नाही. एक दिवस मदरबोर्ड बदलावा लागतो किंवा बायोसमध्ये फेरफार होतो, लॅपटॉप ते ४८ आकडे मागतो आणि ते असतात बंद झालेल्या खात्यात. अशा वेळी नुसती एक फाइल नाही, लग्नाच्या फोटोंसकट सगळी डिस्क अडकते. नोकरीत असतानाच ती की कागदावर उतरवून घ्या किंवा सेटिंगमधून संरक्षण काढून पुन्हा स्वतःच्या खात्यावर लावा. ऑफिसच्या लॅपटॉपवर कुलूप लावलेल्या पेन ड्राइव्हलाही हेच लागू. तिथे तो आपोआप उघडत असतो, घरी पासवर्ड किंवा ४८ आकडे मागतो.

जुन्या पद्धतीच्या ऑफिसांत अजून ईएफएस सापडतं, म्हणजे विंडोजचं एकेका फाइलला लागणारं कुलूप, विंडोज २०००च्या काळातलं. याची किल्ली त्या लॅपटॉपवरच्या तुमच्या प्रोफाइलमध्ये असते. लॅपटॉप जमा केल्यावर आयटीने तो फॉरमॅट केला आणि कंपनीने राखीव किल्ली ठेवली नसेल, तर ती फाइल कायमची गेली.

फोनवर ब्रीफकेसचं चिन्ह असलेली अ‍ॅप्स असतील तर तो वर्क प्रोफाइल, म्हणजे फोनमधला कंपनीचा वेगळा कप्पा. कंपनी तो लांबून पुसू शकते आणि त्या भागातलं सगळं जातं. त्या कप्प्यातल्या कॅमेऱ्याने काढलेले फोटोसुद्धा. तुमचा खासगी भाग तसाच राहतो.

आणि फाइलशी थेट संबंध नसलेली, पण तितकीच अडवणारी गोष्ट: कंपनीचं सिम. पीएफच्या यूएएनला, आधारला, बँकेला तोच नंबर दिलेला असतो आणि सिम परत केल्यावर ओटीपी दुसऱ्याच कुणाच्या हाती जातो. आयकराच्या पोर्टलवर किंवा म्युच्युअल फंडाला ऑफिसचा ईमेल दिलेला असेल, तर तोही आधी बदला.

कायदा काय म्हणतो

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार नोकरीचं काम म्हणून तयार केलेल्या गोष्टीचा पहिला मालक कंपनी असते, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर. म्हणजे तुम्ही रात्री जागून बनवलेलं प्रेझेंटेशन, कोड, क्लायंटसाठीचं मॉडेल हे 'मी बनवलं' म्हणून तुमचं होत नाही. पुढच्या इंटरव्ह्यूत दाखवायला म्हणूनही ते घेऊन जाऊ नका. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये परवानगीशिवाय संगणकातून माहिती काढून घेण्याबद्दल भरपाईची तरतूद आहे. तेच अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

उलट घराचा हिशेब, स्वतःचा बायोडाटा, मुलाची मार्कशीट ही नोकरीचं काम म्हणून बनलेली नाहीत, म्हणून या कलमाने कंपनीची होत नाहीत. त्यांच्यावर कुलूप कंपनीचं असलं तरी मागायला तुम्हाला संकोच वाटण्याचं कारण नाही.

मधली एक जागा आहे: सॅलरी स्लिप, अप्रेझलची पत्रं, फॉर्म १६. फॉर्म १६ साठी जुन्या फाइलच्या मागे लागू नका. नोकरी सोडली तरी पगारातून कर कापलेला असेल, तर त्या आर्थिक वर्षाचं प्रमाणपत्र वर्ष संपल्यावर १५ जूनपर्यंत देणं जुन्या कंपनीला बंधनकारक आहे. कापलेला कर आयकराच्या पोर्टलवर २६एएस नावाच्या तक्त्यातही दिसतो. पीएफचं पासबुक यूएएनवर मिळतं, आणि तो नंबर नोकरी बदलली तरी तोच राहतो.

पेपर टाकण्याआधी आणि नंतर

ज्या काळात सगळं सहज करता येतं, तो राजीनाम्याच्या आधीचा काळ. तेव्हा मालक म्हणून तुमचे अधिकार जिवंत असतात. खासगी फाइल उघडा, लेबल 'पर्सनल' करा, सेव्ह करा, कुलूप गेलं. लेबल खाली आणताना कारण विचारलं जाऊ शकतं आणि त्याची नोंद होते. खरं कारण लिहा. फाइल खासगी आहे तर त्यात लपवण्यासारखं काही नाही.

राजीनामा दिल्यावर तेच काम करताना सावध राहा. नोटीस पिरियडमधला माणूस एकदम शेकडो फायली उतरवतो आहे का, यावर लक्ष ठेवणारी साधनं कंपन्यांकडे असतात. शेवटच्या आठवड्यात घाईघाईने पूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हवर ओतला तर त्यात चुकून क्लायंटची एखादी यादी जाते आणि रिलीव्हिंग लेटर अडकतं. त्यापेक्षा मॅनेजरना सरळ मेल टाका: माझ्या या-या नावाच्या खासगी फायली आहेत, आयटीने तपासून त्यांचं संरक्षण काढून द्यावं. एकेका फाइलचं नाव लिहा. 'माझा सगळा डेटा' असं लिहिलंत तर कुणी हात लावणार नाही.

आता जे आधीच बाहेर पडले आहेत, त्यांच्यासाठी. ऑफिसच्या खात्यातल्या क्लाउड ड्राइव्हवर काही राहून गेलं असेल तर घड्याळ वेगाने चालतं. मायक्रोसॉफ्टवरचं डिलीट केलेलं खातं ३० दिवसांत परत आणता येतं, गूगल वर्कस्पेसवरचं २० दिवसांत. वनड्राइव्हच्या फायलीही, कंपनीने मुदत वाढवली नसेल तर, खातं डिलीट झाल्यावर ३० दिवसच राहतात. हे मागणं असेल तर 'एफ अँड एफ', म्हणजे नोकरीचा शेवटचा हिशेब, होईपर्यंत थांबू नका.

बंद फाइल मात्र तुमच्याकडेच असेल, तर हे दिवस तिला लागू नाहीत. कंपनीची किल्ली जिवंत आहे तोवर दोन वर्षांनीही ती सोडवता येते. म्हणून रागाच्या भरात 'आता उपयोग काय' म्हणून डिलीट करू नका. कंपनी बंद होते आहे अशी बातमी कानावर आली तर ताबडतोब लिहा, कारण कंपनीचं मायक्रोसॉफ्टवरचं खातं मिटलं आणि किल्ली गेली, की मग विचारायला कुणी उरत नाही.

मेलमध्ये जुना एम्प्लॉयी कोड, शेवटचा दिवस, फाइलचं नेमकं नाव, त्यात काय आहे आणि ती का हवी आहे, एवढं लिहा. बंद फाइल सोबत जोडा. "तुम्ही आधी तपासा, मग मला मोकळी प्रत पाठवा" हे वाक्य आवर्जून घाला. मंजुरी देणाऱ्याला भीती हीच असते की न बघता काहीतरी बाहेर जाईल. मेल एचआरला करा, सीसीमध्ये जुने मॅनेजर ठेवा. हेल्पडेस्कला थेट लिहिलंत तर तिकडे बहुधा एम्प्लॉयी कोड चालू नाही म्हणून तुमची विनंती बंद केली जाईल.

प्रत आली की ती तपासायची जागाही नीट निवडा. ज्या लॅपटॉपवर जुन्या कंपनीच्या खात्याने कधी साइन-इन केलेलं नाही, अशा लॅपटॉपवर, इंटरनेट बंद करून ती उघडा. तशी उघडली, एखादा आकडा बदलून सेव्ह झाली आणि प्रिंटही निघाली, तर कुलूप खरंच गेलं आहे. मग तिची एक प्रत स्वतःच्या ड्राइव्हवर ठेवा आणि एक घरातल्या हार्ड डिस्कवर.